पिन अडकली का?

ग्रामोफोनच्या काळात तबकडीवर ओरखडा पडला की सुई त्याच खोबणीत घुटमळायची आणि गाणारा एकच शब्द घोकत बसायचा. त्यावरूनच तीच ती गोष्ट शंभरदा सांगणाऱ्याला आपण अजूनही 'याची पिन अडकली' म्हणतो. बिल विदर्सचं 'एन्ट नो सनशाइन' हे गाणं मी ज्यांना ज्यांना पहिल्यांदा ऐकवलं, त्यांतल्या निम्म्या लोकांनी मध्यावर मान वर करून हेच विचारलं आहे : पिन अडकली का?

गाणं १९७१ सालचं, जेमतेम दोन मिनिटांचं. दोन कडवी होतात. तिसरं सुरू होणार असं वाटतं आणि गायक 'मला ठाऊक आहे' एवढ्याच अर्थाचे दोन इंग्रजी शब्द धरून बसतो. एकदा, दोनदा, पाचदा, दहादा. बाकीची वाद्यं मागे सरतात, ड्रमचा ठेका तेवढा उरतो आणि हा माणूस थांबायचं नाव घेत नाही. मोजून सव्वीस वेळा. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढचं कडवं.

मोबाइलमधल्या गाण्याला ओरखडा पडत नाही, तेव्हा प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं एका शब्दात देऊन टाकता येईल. पण मग हे केलं कशासाठी? ते समजायला आपल्याला एका कोळसा खाणीच्या गावात, अमेरिकेच्या नौदलात, विमानांचे संडास बनवणाऱ्या कारखान्यात आणि शेवटी एका स्टुडिओत जावं लागेल. क्रमाने जाऊ.

१. आधी 'सोल' म्हणजे काय ते पाहू

सोल या शब्दाचा अर्थ आत्मा. पण गाण्याचा प्रकार म्हणून त्याचा जन्म अगदी ऐहिक आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाकडे विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन प्रकारचं गाणं होतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये गायचं ते गॉस्पेल आणि शनिवारी रात्री नाचायला-प्यायला जमल्यावर वाजायचं ते रिदम अँड ब्लूज. माणसं बऱ्याचदा तीच, जागा वेगळी.

गॉस्पेलची रीत आपल्याला परकी वाटू नये. भजनात बुवा एक ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात, बुवा तीच ओळ जरा वर नेऊन पुन्हा टाकतात, आणि हळूहळू सगळं देऊळ हलायला लागतं. चर्चमध्येही मुख्य गायक हाक घालतो, मंडळी साद देतात, टाळ्यांचा ठेका धरला जातो. शब्द थोडे, आवर्तनं पुष्कळ.

१९५४ साली रे चार्ल्स या अंध गायकाने एका गॉस्पेल गाण्याचा साचा उचलला, त्यातल्या देवाच्या जागी एका बाईला बसवलं आणि 'आय गॉट अ वुमन' हे गाणं केलं. अभंगाची चाल उचलून तिच्यावर लावणीचे शब्द बसवले तर आळंदीत जे म्हणतील, तेच तिकडच्या धर्मशील मंडळींनी म्हटलं. पण लोकांना ते गाणं आवडलं. चर्चमधली आर्तता आणि माणसाच्या प्रेमाचा विषय यांची ही जी मोट बांधली गेली, तिला पुढे सोल म्हणू लागले. डेट्रॉइटमध्ये मोटाउन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स या दोन कंपन्यांनी ते घरोघर पोचवलं.

सोल गायक म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो घामाने निथळणारा, किंचाळणारा, गुडघ्यांवर कोसळणारा जेम्स ब्राउन. आपला विदर्स यातलं काहीच करत नाही. स्टुलावर बसतो, मांडीवर गिटार घेतो आणि ओट्यावर बसून शेजाऱ्याला काहीतरी सांगावं तसा गातो. त्याला सोल म्हणावं की लोकगीत, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला तो वाद फुकट वाटतो. आवर्तनाची ती चर्चमधली सवय त्याच्या गाण्यात मुरलेली आहे. फक्त तिचा आवाज खाली आणलेला आहे.

२. खाणीच्या गावातला मुलगा

विल्यम हॅरिसन विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या खेड्यात झाला. वडील कोळशाच्या खाणीत, आई लोकांकडे घरकामाला. सहा भावंडांत हा शेंडेफळ. तो तीन वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले आणि तो जवळच्या बेकली गावात आईच्या माहेरी वाढला. तेरा वर्षांचा झाला तेव्हा वडील गेले.

या घरात त्याची आजी होती, ल्यूला. रविवारी चर्चमध्ये टाळ्यांचा ताल धरणारी, नातवाला माराच्या तावडीतून सोडवणारी. तिच्यावर त्याने पुढे 'ग्रँडमाज हँड्स' हे गाणं लिहिलं आणि त्यात तिचं वर्णन केलं ते फक्त तिच्या हातांवरून. आपल्याकडे आजीवर लिहायचं म्हटलं की लुगडं, कुंकू, गोधडी सगळं गोळा करतात. हा माणूस दोन हातांवर थांबला.

मुलाला एक अडचण होती. बोलताना तो अडखळायचा. वर्गात उठून उत्तर द्यायची वेळ आली की त-त-प-प. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना यातली वेदना सांगायला नको. मूल गप्प राहायला शिकतं, आणि गप्प मूल ऐकायला शिकतं.

३. बोलताना अडतं ते गाताना का अडत नाही?

हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात, म्हणून इथे थोडं थांबू. अडखळत बोलणारी कितीतरी माणसं गाणं मात्र सरळ म्हणून जातात. हे कसं?

एखादा साधा शब्द उच्चारायला छाती, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ या सगळ्यांनी एकाच क्षणी आपापलं काम करावं लागतं. अडखळणाऱ्या माणसात हे अवयव ठणठणीत असतात. बिनसते ती वेळ साधण्याची क्रिया, आणि तीही बहुतेकदा शब्दाच्या आरंभाशी. बॅटरी उतरलेली गाडी जशी सपाटीवर सुरू होता होत नाही, पण उतारावर लावली तर जरा ढकलताच चालू पडते, तसं काहीसं. गाण्यात उतार तयार मिळतो. ठेका बाहेरून वेळ दाखवतो. शब्द आधीच ठरलेले असतात, जुळवावे लागत नाहीत. स्वर लांबवत एका अक्षरातून दुसऱ्यात जायचं असल्यामुळे आवाज सलग राहतो, पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करावा लागत नाही. शिवाय मध्येच कोणी 'हं, बोल ना लवकर' म्हणत नाही. यातलं नेमकं कोणतं कारण किती वाटा उचलतं, हे संशोधकांनी अजून पक्कं ठरवलेलं नाही. पण अनुभव सार्वत्रिक आहे.

विदर्सचं अडखळणं मात्र गाण्याने बरं झालं असं समजू नका. अठराव्या वर्षाच्या आसपास तो नौदलात भरती झाला आणि नऊ वर्षं राहिला. तिथे त्याचं बोलणं हळूहळू सुटलं. समोरचा आपल्याबद्दल काय म्हणेल या भीतीनेच जीभ बांधली जाते, असा निष्कर्ष त्याने स्वतःपुरता काढला होता.

अमेरिकी सैन्यात वर्णभेद करू नये असा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ सालीच काढला होता. तरी प्रत्यक्षात नौदलातल्या कृष्णवर्णीय पोरांच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि अधिकाऱ्यांना वाढण्याचं काम यायचं. विदर्सने ठरवलं, आचारी व्हायचं नाही. विमानाच्या यंत्रांचं प्रशिक्षण घेतलं आणि मेकॅनिक झाला. त्याच्या गाण्यांबद्दल पुढे जे बोलायचं आहे त्यात हा पाना-पक्कडवाला माणूस लक्षात ठेवा.

४. तीन डॉलर आणि दोन हजार डॉलर

नौदलातून तो १९६५ मध्ये बाहेर पडला. कॅलिफोर्नियात दूध पोचवण्याचं काम केलं, कारखान्यात काम केलं. गाण्याकडे तो वळला त्याची गोष्ट त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे. ऑकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स या नावाजलेल्या गायकाचा कार्यक्रम होता. रॉल्स वेळेवर आला नाही. क्लबचा व्यवस्थापक चिडून म्हणत होता की याला आठवड्याला दोन हजार डॉलर देतो आणि याला वेळेवर येता येत नाही! विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत होते.

हिशोब करू. आठवड्याचे चाळीस तास धरले तर तीन गुणिले चाळीस, म्हणजे १२० डॉलर. दोन हजारांना १२० ने भागा : साडेसोळाच्या वर. म्हणजे रॉल्स उशिरा येऊन एका आठवड्यात जे कमवत होता ते कमवायला विदर्सला वेळेवर जाऊन जवळपास चार महिने लागले असते. त्यात रॉल्स येताच क्लबातल्या बायका त्याच्याभोवती जमल्या, हेही विदर्सच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार आणली आणि वाजवायला शिकायला लागला.

कलावंतांच्या चरित्रांत सहसा लहानपणी स्वप्नात सरस्वती वगैरे येते. इथे आला तो पगाराचा फरक. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

१९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. दिवसा कारखान्यात आणि उरलेल्या वेळात गाणी. बरबँकमधल्या वेबर एअरक्राफ्ट या कंपनीत तेव्हा नव्या येणाऱ्या बोइंग ७४७ विमानांसाठी शौचालयं बनत. तिथे तो जुळणीचं काम करायचा. पदरचे पैसे घालून त्याने गाण्यांच्या नमुन्याच्या टेप बनवल्या आणि कंपन्यांचे उंबरठे झिजवले. तिशी उलटलेली, ना केसांची फॅशन, ना नाच. शेवटी १९७० मध्ये ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीचे मालक क्लॅरन्स अवांत यांना टेप आवडली.

५. गाणार कोण?

अवांत यांनी विदर्सला बुकर टी. जोन्सच्या हवाली केलं. जोन्स हा या तबकडीचा प्रोड्यूसर. चित्रपटाचा निर्माता पैसे घालतो. तबकडीचा प्रोड्यूसर हा वेगळा प्राणी. वादक कोण घ्यायचे, गाणं किती लांब ठेवायचं, कोणता तुकडा पुन्हा गायचा, हे तो ठरवतो. आपल्याकडच्या संगीत संयोजकात थोडा दिग्दर्शक मिसळला तर जे तयार होईल ते. जोन्स विदर्सपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीच्या घरच्या वाद्यवृंदाचा म्होरक्या आणि 'ग्रीन अनियन्स' या १९६२ सालच्या गाजलेल्या धुनेचा धनी.

विदर्स स्टुडिओत आला तो जुनाट मोटारीतून, कामावरचे जाडजूड बूट घालून, गाण्यांनी भरलेली वही घेऊन. आत मेम्फिसचे दोन मुरलेले वादक : ड्रमवर अल जॅक्सन आणि बासवर डक डन. गिटार घेऊन स्टीफन स्टिल्स, आणि नुसता ऐकायला म्हणून ग्रॅहम नॅश. हे दोघे तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत गाजणाऱ्या बँडपैकी एकाचे. ही मांदियाळी पाहून विदर्सने जोन्सला बाजूला घेतलं आणि विचारलं की ही गाणी गाणार कोण आहे? जोन्स म्हणाला, तूच. विदर्सची समजूत अशी होती की त्याने लिहून आणायची आणि कोणीतरी खरा गायक येऊन ती गायची.

ध्वनिमुद्रणाच्या तीन तासांच्या चार बैठका ठरल्या होत्या. पैसे संपले, म्हणून तिसरी बैठक सहा महिन्यांनी झाली आणि तिच्यातच काम उरकलं.

६. सव्वीस वेळा

आता मूळ प्रश्न.

'एन्ट नो सनशाइन' सुचलं ते एक सिनेमा पाहून. 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस', १९६२ चा, ब्लेक एडवर्ड्स दिग्दर्शित. जॅक लेमन आणि ली रेमिक यांनी त्यात एक जोडपं रंगवलं आहे. नवरा पिणारा, त्याच्या संगतीने बायकोही पिऊ लागते. पुढे तो सावरतो, ती सावरत नाही. दोघांचं प्रेम आहे यात शंका नाही, पण प्रेम आणि बाटली यांची इतकी गुंतागुंत झालेली की एक सोडताना दुसरं सुटतं. विदर्सला यातली एक गोष्ट लागली : आपल्या भल्याच्या नसलेल्या गोष्टीचीही माणसाला ओढ लागते. त्याने याला दिलेली उपमा खास त्याची आहे. उंदराचं औषध एकदा खाऊन पुन्हा ताट पुढे करण्यासारखं, असं तो म्हणे.

तेव्हा हे निव्वळ विरहगीत नाही. ती घरात नाही म्हणून अंधार झाला आहे, एवढंच सांगायचं असतं तर पहिली दोन कडवी पुरेशी होती. पण गाणाऱ्याला हेही कळतं की ही बाई, किंवा ही ओढ, आपल्याला पुरती बुडवणार आहे. तिला सोडलेलं बरं, हे त्याला माहीत आहे. माहीत आहे, माहीत आहे, माहीत आहे. आपल्याकडे यासाठी तयार वाक्प्रचार आहे : कळतं पण वळत नाही. ते सव्वीस उच्चार म्हणजे नुसतं 'कळतं'. त्यानंतर लगेच पुन्हा तोच अंधार, तोच सुनेपणा गाणारं कडवं येतं, ते 'वळत नाही'. घरात दारुडा माणूस असलेल्या कोणालाही विचारा. त्याला समजावायला गेलं की तो वाद घालत नाही. मान डोलावत म्हणतो, 'माहीत आहे मला.' आणि संध्याकाळी गुत्त्यावर असतो.

गंमत अशी की हे विदर्सने ठरवून केलेलं नाही. त्या जागी आणखी शब्द लिहायचे असा त्याचा बेत होता. शब्द तयार नव्हते म्हणून तेवढ्यापुरतं ते दोन शब्द घोळवून त्याने जागा भरली. स्लॅब टाकताना खाली सेंटरिंगच्या फळ्या लावतात, काँक्रीट सुकलं की काढून टाकतात. तशा या फळ्या होत्या. स्टुडिओतली मंडळी म्हणाली, काढू नकोस, आहे तसं राहू दे. विदर्सने पुढे सांगितलं की आपण कारखान्यातला कामगार, ही सगळी नावाजलेली माणसं, ती म्हणताहेत तर ठेवू, असा विचार करून त्याने ते ठेवलं.

संख्येतही हे दिसतं. पाश्चात्त्य सुगम गाण्यात चार मात्रांचा हिशोब चालतो : चार, आठ, सोळा, बत्तीस. कोणी कागदावर आखून लिहिलं असतं तर चोवीस किंवा बत्तीस वेळा लिहिलं असतं. सव्वीसला चारने भागा, बाकी दोन उरते. ही आखणी नाही. गाणारा गात राहिला आणि त्याला वाटलं तिथे थांबला.

संगीताच्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी सांगतो; पेटी असेल तर करून पाहा. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि हे पाच स्वर दाबा. आपल्याकडे धानी रागात हेच येतात. या गाण्याची चाल बहुतांशी या पाचांतच फिरते. रागाशी तिचं काही नातं नाही, पण कानाला ती ओळखीची का वाटते याचं उत्तर इथे मिळेल. मोजके स्वर घेतले की पळायला जागा कमी, आणि अडकलेल्या माणसाच्या गाण्याला ते शोभतंच. दुसरं म्हणजे सुरुवात. वाद्यांची प्रस्तावना नाही, आवाज एकदम सुरू होतो. दार उघडावं आणि आत कोणीतरी आधीपासूनच स्वतःशी बोलत बसलेलं असावं, तसं.

व्हायोलिनचा ताफा मागाहून येतो, त्याची रचना जोन्सची. मला ती किंचित जास्त वाटते. पण ती उणी करून ऐकायची सोय नाही.

७. तबकडीची मागची बाजू

त्या काळी सुटं गाणं निघायचं ते सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवर. एका बाजूला एकच गाणं मावायचं. कंपनीला जे गाणं चालेल असं वाटे ते पुढच्या बाजूला. मागची बाजू कोरी सोडता येत नाही म्हणून तिथे दुसरं काहीतरी. मेथीच्या जुडीबरोबर भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसं.

ससेक्सने पुढे ठेवलं होतं 'हार्लेम' हे गाणं. 'एन्ट नो सनशाइन' मागे. रेडिओ केंद्रांवरच्या निवेदकांनी तबकडी उलटी करून पाहिली आणि मागचंच वाजवायला सुरुवात केली. १९७१ च्या सप्टेंबरात ते बिलबोर्डच्या राष्ट्रीय यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. दहा लाखांवर प्रती गेल्या आणि 'सुवर्ण तबकडी'चा मान मिळाला. कंपनीने या निमित्ताने विदर्सला काय भेट दिलं असेल? संडासाची सोनेरी बैठक. पुढच्या वर्षी सर्वोत्तम रिदम अँड ब्लूज गीताचा ग्रॅमी पुरस्कारही आला, पण ती बैठक मला जास्त मोलाची वाटते.

८. डबा

'जस्ट ॲज आय ॲम' या त्याच्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ जरूर पाहा. विटांच्या भिंतीला टेकून तो उभा आहे, साध्या कपड्यांत, आणि हातात जेवणाचा डबा. फोटो कारखान्यावरच काढलेला. गाणं गाजू लागलं तरी नोकरी सोडायला तो तयार नव्हता; गाण्याच्या धंद्याचा काय भरवसा, असं त्याचं मत होतं. मधे कारखान्याने कामगार कमी केले, त्यात त्याचं नाव आलं. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली, असं तो सांगे. एक कारखान्याचं : कामावर परत या. दुसरं जॉनी कार्सनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं : गायला या. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या कामगाराने कोणतं पत्र निवडलं ते सांगायला नको.

९. सा रे ग म

दुसऱ्या मोठ्या गाण्याबद्दल थोडक्यात. हाती पैसे आल्यावर त्याने एक छोटा पियानो घेतला. वाजवता येत नव्हता, म्हणून शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून बोटं नुसती वरखाली फिरवत होता. त्यातून 'लीन ऑन मी' निघालं. पेटीवर सा सा रे ग म, म ग रे सा असं वाजवा. पहिल्याच दिवशी शिकवतात तेवढंच. त्या गाण्याच्या पहिल्या ओळींची चाल हीच. विषय शेजारधर्माचा : अडचणीत एकमेकांच्या खांद्याचा आधार घ्यावा. मोठ्या शहरात आल्यावर स्लॅब फोर्कमधली जी गोष्ट त्याला सापडेना, ती त्याने गाण्यात लिहिली. १९७२ च्या जुलैत ते देशात पहिल्या क्रमांकावर होतं.

'लव्हली डे' हे १९७७ चं. त्याच्या शेवटी विदर्स एक स्वर अठरा सेकंद धरून ठेवतो. घड्याळ लावून तुम्हीही एकदा 'आ' लावून बघा. दहाव्या सेकंदाला पोट आत जाऊ लागेल.

१०. मालक आणि भाडेकरू

१९७५ मध्ये ससेक्स कंपनी बंद पडली आणि विदर्स एका बड्या कंपनीकडे गेला. तिथे त्याचं जमलं नाही. कार्यालयात बसून गाण्यावर सल्ले देणारी माणसं त्याला भेटली. एकाने सुचवलं, एल्विस प्रेस्लीचं 'इन द घेटो' गा. ज्याने स्वतःची गाणी लिहून नाव कमावलं त्याला दुसऱ्याचं गाणं गायला सांगणं म्हणजे सुताराला भाड्याची खुर्ची आणून देणं. १९७८ नंतर सात वर्षं त्याचा अल्बम निघाला नाही. मधल्या काळात सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टनबरोबर त्याने गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' गाजलं आणि त्यालाही ग्रॅमी मिळाला. १९८५ मध्ये शेवटचा अल्बम आला आणि त्यानंतर त्याने गाण्याचा व्यवसायच सोडला. वय सत्तेचाळीस.

लोक विचारतात, मग पोट कसं भरलं? इथे गाण्याच्या मालकीची गोष्ट समजून घ्यायला हवी. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात : एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी त्या रचनेचं एखादं ध्वनिमुद्रण. रचना हे घर समजा. गाणारे बदलतात, ते भाडेकरू. अमेरिकेत तर नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे रचनाकाराला आणि त्याच्या प्रकाशकाला मिळतात. गाणाऱ्याला काहीच नाही. विदर्सने घरं बांधली होती, आणि भाडेकरू एकापेक्षा एक मिळाले. मायकेल जॅक्सनने पोरवयात, १९७२ मध्येच, 'एन्ट नो सनशाइन' गायलं. १९८७ मध्ये क्लब नूवो या गटाने 'लीन ऑन मी' पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं आणि त्याबद्दल तिसरा ग्रॅमी आला तो घरी बसलेल्या विदर्सला. आजीच्या हातांवरच्या गाण्यातला तुकडा कापून १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने 'नो डिगिटी'त वापरला. तेही पहिलं आलं. १९९९ च्या 'नॉटिंग हिल' सिनेमात नायक लंडनच्या बाजारातून चालत जातो आणि चालता चालता चारी ऋतू बदलतात, तिथे मागे वाजतं ते विदर्सचं मूळ ध्वनिमुद्रण. आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते तिथेच.

बाकी तो घर दुरुस्त करत बसे, मुलांना वाढवी आणि पुनरागमनाच्या सगळ्या सूचना हसून उडवून लावी. २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा स्टीव्ही वंडरने त्याचं स्वागत केलं. ३० मार्च २०२० रोजी लॉस एंजेलिसमध्ये, हृदयविकाराने, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो गेला. त्याच आठवड्यांत महासाथीने घरात कोंडलेली माणसं 'लीन ऑन मी' गात होती.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा आहे. एका रविवारी तो लॉस एंजेलिसमधल्या एका खानावळीत बसला होता. शेजारच्या टेबलावर चर्चमधून आलेल्या काही बायका विदर्सच्या गाण्याबद्दल बोलत होत्या. न राहवून तो म्हणाला की मीच तो. त्यांतल्या एकीने त्याला न्याहाळलं आणि साफ सांगितलं की शक्य नाही, बिल विदर्स यापेक्षा काळा आहे.

आता गाणं लावा. दुसरं कडवं संपलं की बोटांवर मोजायला सुरुवात करा. दोन्ही हातांची बोटं दोनदा संपतील, वर सहा.